सल्ला बाजूला ठेवल्यावर

१९८२ साली विल्यम मिलर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्वेला गेले होते. बर्गेन शहराजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात तरुण मानसशास्त्रज्ञांना शिकवायचं आणि त्यांच्या अडचणींवर बोलायचं, एवढंच काम होतं. पण ही मंडळी नुसती व्याख्यानं ऐकून घेणारी नव्हती. आम्ही दारू पिणाऱ्या रुग्णाची भूमिका करतो, तुम्ही आमच्याशी बोलून दाखवा, असं त्यांनी मिलरना सांगितलं. आणि मिलर बोलू लागले की ती मध्येच त्यांना अडवायची. हाच प्रश्न का विचारलात? तो एवढं सगळं बोलला, त्यातलं नेमकं हेच वाक्य उचलून त्याला परत का ऐकवलंत? या क्षणी तुमच्या मनात काय चाललं होतं?

मिलर हे सगळं सवयीने करत आले होते. त्यामागे काही नियम आहेत, हे त्यांनी स्वतःपाशीही कधी मांडलं नव्हतं. या उलटतपासणीतून ते नियम हळूहळू वर आले. त्यातला पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा असा, की दारू का सोडावी हे मिलर स्वतः कधीच सांगत नसत. ते रुग्णाच्याच तोंडून येईल अशा बेताने ते बोलत. पुढच्या वर्षी त्यांनी यावर एक लेख लिहिला आणि या पद्धतीला ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ हे नाव मिळालं. १९९१ मध्ये स्टीफन रॉलनिक यांच्यासोबत त्यांचं पुस्तक आलं. व्यसनमुक्तीच्या खोलीत जन्मलेली ही संभाषणकला पुढे मधुमेहाच्या दवाखान्यात गेली, शाळांमध्ये गेली आणि व्यक्तिगत कोचिंगमध्ये तर तिने कायमचं घर केलं.

कोचिंगमध्ये मानसशास्त्राची अनेक हत्यारं वापरली जातात. मला त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. बदलाचं कारण, बदलाचा आराखडा आणि बदल झाला की नाही याचा निवाडा, या तिन्ही गोष्टी कोचच्या हातून निघून माणसाच्या स्वतःच्या हातात किती गेल्या, यावर तो बदल टिकतो की नाही हे ठरतं. शिबिरातल्या टाळ्या आणि भारावलेपण आठवड्याभरात ओसरतं. कारण तिथे या तिन्ही गोष्टी व्यासपीठावरच राहिलेल्या असतात.

आपल्याकडे सल्ल्याला तोटा नाही. लग्नाच्या मांडवापासून लोकलच्या डब्यापर्यंत तो मिळतो, आणि घेणाऱ्याने तो पाळला नाही की पालथ्या घड्यावर पाणी म्हणून आपण मोकळे होतो. मिलर यांनी १९९३ मध्ये सहकाऱ्यांसोबत केलेला एक अभ्यास मात्र पाणी ओतणाऱ्याकडे बोट दाखवतो. अतिमद्यपान करणाऱ्या माणसांशी समुपदेशकांची झालेली संभाषणं त्यांनी तपासली. समुपदेशक जितका अंगावर जाऊन बोलला, जितका त्याने समोरच्याला खोडून काढलं, तितकी ती व्यक्ती वर्षभरानंतर जास्त पीत असल्याचं आढळलं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बदलाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात बहुधा दोन्ही बाजू असतात. सोडावंसंही वाटतं, सोडवतही नाही. अशा वेळी बाहेरच्या कुणी एक बाजू लावून धरली, की दुसरी बाजू लढवण्याचं काम आपोआप त्याच्याकडे येतं. तो ‘हो, पण’ म्हणतो आणि न बदलण्याची कारणं मोठ्याने सांगू लागतो. माणूस जे स्वतःच्या तोंडाने वारंवार बोलतो, त्यावर त्याचा विश्वास बसत जातो.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते जवळून बघू. पुढचा प्रसंग मी नमुन्यादाखल रचला आहे, पण चाकण, रांजणगाव किंवा सातपूरच्या वसाहतीत काम केलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. चव्वेचाळीस वर्षांचा प्रॉडक्शन मॅनेजर. मशीन ऑपरेटर म्हणून लागला, सुपरवायझर झाला, कामाच्या जोरावर केबिनपर्यंत पोचला. ड्युटी सहाला संपते, घरी पोचतो साडेनऊला. गेल्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली. कंपनीने त्याच्यासाठी कोच नेमली आहे. पहिल्याच भेटीत तो म्हणतो, “मॅडम, मला टाइम मॅनेजमेंट शिकवा.”

इथे सल्ला देणं फार सोपं आहे. कामं वाटून द्या. हाताखालच्या लोकांवर विश्वास टाका. त्याची उत्तरंही तयारच असतात. पोरं नवीन आहेत. रिजेक्शन वाढलं तर कस्टमरचा फोन मला येतो. पाच मिनिटांत कोच वकील होते आणि तो विरुद्ध बाजूचा वकील. म्हणून ती वेगळं विचारते.

“काल सहा ते साडेआठ नेमकं काय काय केलंत?”

“सेकंड शिफ्टला हँडओव्हर दिला. मग लाइनवर चक्कर. सुरुवातीचे पीस मीच गेज लावून बघितले. मग डिस्पॅचचे कागद.”

“गेज लावायला तिथे कोण असतं?”

“क्वालिटीचा मुलगा आहे ना. चांगलाय तो.”

“चांगला आहे.”

“हो, म्हणजे खरं सांगायचं तर गेज माझ्यापेक्षा नीट लावतो. पण मी उभा असलो की मागे सरतो.”

“तुम्ही उभे असता, म्हणून तो मागे सरतो.”

“हो ना.” मग जरा वेळ जातो. “असं झालं तर शिकणार कधी तो.”

शेवटचं वाक्य कोचने उच्चारलं असतं तर तो टोमणा ठरला असता. आता ते त्याचं स्वतःचं आहे. तिने केलं काय? साधे तपशील विचारले, त्याचेच शब्द दोनदा त्याच्यासमोर ठेवले आणि तो थांबला तेव्हा तीही थांबली. ऐकायला हे सोपं वाटतं. पण समोरच्या माणसाचं उत्तर आपल्याला आधीच दिसत असताना गप्प बसणं हे मोठं कष्टाचं कौशल्य आहे, आणि चांगला कोच वर्षानुवर्षं त्याचाच सराव करत असतो.

स्वतःचं कारण जास्त टिकतं हे मानसशास्त्राने कसून तपासलं आहे. एडवर्ड डेसी यांचा १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. सोमा नावाचं एक कोडं असतं. लहान चौकोनी ठोकळे जोडून केलेले सात वेडेवाकडे तुकडे, त्यातून वेगवेगळे आकार रचायचे. विद्यार्थ्यांचे दोन गट केले आणि प्रत्येकाला तीन वेळा बोलावलं. दुसऱ्या खेपेला एका गटाला सुटलेल्या प्रत्येक आकाराचा एक डॉलर दिला, दुसऱ्या गटाला काही नाही. तिसऱ्या खेपेला पैसे कुणालाच नव्हते. प्रयोगाची खरी मेख पुढे आहे. प्रत्येक बैठकीत प्रयोगकर्ता काही निमित्त काढून आठ मिनिटं खोलीबाहेर जाई. खोलीत मासिकं ठेवलेली असत. कोडं सोडवा, मासिक चाळा, नुसते बसा. कुणी बघत नाही असं वाटत असताना विद्यार्थी काय करतात, ते पलीकडून पाहिलं जाई. ज्यांना मध्यंतरी पैसे मिळाले होते, ते पैसे थांबल्यावर कोड्याकडे आधीपेक्षा कमी वळले. ज्यांना कधीच पैसे नव्हते, त्यांची ओढ कायम राहिली.

तो प्रयोग लहान होता आणि त्यावर वादही पुष्कळ झाले. पण १९९९ मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी अशा १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हाही दिशा तीच निघाली. ज्या कामाची मुळात आवड आहे, त्याला कबूल केलेलं बक्षीस जोडलं की आवड उणावते. डेसी आणि रिचर्ड रायन यांनी यातून जो सिद्धांत उभा केला, त्यात माणसाच्या तीन गरजा सांगितल्या आहेत. आपलं आपण ठरवता यावं, आपल्याला काही जमतं आहे हे जाणवावं आणि कुणाशी तरी खरं नातं असावं. कोचिंगचं चांगलं संभाषण या तिन्हींना एकाच वेळी हात घालतं. उलट कोचची शाबासकी मिळावी म्हणून केलेला बदल त्या डॉलरसारखाच, शाबासकी थांबली की थांबणारा. म्हणून मुरलेले कोच ‘वा, छान केलंत’ म्हणण्याआधी ‘तुम्हाला स्वतःला कसं वाटलं?’ असं विचारतात.

क्रिकेटवेड्या वाचकांना इथे पॅडी अप्टन आठवतील. २००८ मध्ये गॅरी कर्स्टन भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा अप्टन मानसिक तयारीची बाजू सांभाळायला त्यांच्यासोबत आले. खेळाडूंना हुकूम सोडण्यापेक्षा प्रश्न विचारायचे आणि सराव किती, कसा करायचा याचा निर्णय बराचसा त्यांच्यावर सोपवायचा, ही त्यांची रीत होती. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषक आला, त्याचं श्रेय एकट्या या रीतीला देणं बरोबर होणार नाही. तो संघच तेवढा ताकदीचा होता. मात्र अशा दिग्गजांना फलंदाजी शिकवायला जाणं निरर्थक आहे हे या जोडीने ओळखलं, हे त्यांचं मोठेपण.

खेळाचा विषय निघालाच आहे तर टिमथी गॉलवे यांना ओलांडून जाता येत नाही. हार्वर्डच्या टेनिस संघाचे एके काळचे कर्णधार, पुढे टेनिस शिकवू लागले आणि १९७४ मध्ये त्यांनी ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ लिहिलं. त्यांच्या लक्षात आलं होतं की सूचना वाढवल्या की खेळ बिघडतो. खेळाडूच्या डोक्यात एक आवाज सतत हुकूम सोडत आणि दोष काढत असतो, आणि शरीर बिचारं त्या आवाजाखाली आखडतं. गॉलवेंनी साधा उपाय काढला. चेंडू जमिनीवर आदळला की शिकणाऱ्याने मोठ्याने ‘टप्पा’ म्हणायचं आणि रॅकेटला लागला की ‘फटका’. बाकी काही नाही. लक्ष चेंडूवर खिळलं की दोष काढायला कुणी शिल्लक राहत नाही आणि हात आपोआप सुधारू लागतो.

ही पद्धत इंग्लंडमध्ये नेऊन कंपन्यांच्या जगात रुजवली ती सर जॉन व्हिटमोर यांनी. ते मूळचे मोटार शर्यतींतले चालक, १९६५ चे युरोपियन टूरिंग कार विजेते. ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निर्धार अशा चार पायऱ्यांचा, त्यांनी लोकप्रिय केलेला आराखडा आज कोचिंगच्या बहुतेक प्रशिक्षणांत शिकवतात. तो उपयोगी आहे, पण पाठ करून वापरला की संभाषण फॉर्म भरल्यासारखं होतं. गॉलवेंचा धडा त्याहून खोल आहे. आधी न्यायनिवाडा न करता नुसतं बघ.

म्हणून आपल्या मॅनेजरला पहिल्या आठवड्यात काहीच बदलायला सांगितलेलं नाही. फक्त खिशात छोटी डायरी ठेवायची. सहानंतर लाइनकडे पाय वळले की वेळ टिपायची आणि त्या क्षणी मनात काय आलं ते चार शब्दांत लिहायचं. आठवड्याने डायरीत एकच वाक्य निरनिराळ्या रूपांत सापडतं. ‘रिजेक्शन आलं तर लोक काय म्हणतील.’ आणि त्याखाली, आधी न बोललेलं, ‘ऑपरेटरचा मॅनेजर झालेला माणूस, शेवटी ऑपरेटरच.’ वेळेचं नियोजन शिकायला आलेल्या माणसाचा खरा प्रश्न इथे सापडतो.

अशा ठिकाणी कोचिंग ज्या विचारपरंपरेकडे वळतं, तिच्याशी मराठी माणसाचं जुनं नातं आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटना आपल्याला थेट अस्वस्थ करत नाही. घटनेबद्दल मनात धरलेला हट्ट अस्वस्थ करतो, असं तिचं सूत्र. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि मराठीत आणली. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती उपचारापुरती न ठेवता विद्यार्थी, पालक, खेळाडू अशा सर्वांपर्यंत नेली. अंजली जोशी यांच्या ‘मी, अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने तर एलिस मराठी घराघरांत पोचवले. परदेशातल्या एखाद्या मानसशास्त्रीय विचाराला आपल्या भाषेत इतकी माया क्वचितच मिळाली असेल, आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

मॅनेजरपुरतं बोलायचं तर कोच त्याला दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहायला सांगते. ‘माझ्या लाइनवर रिजेक्शन येऊ नये अशी माझी फार इच्छा आहे.’ ‘माझ्या लाइनवर रिजेक्शन येताच कामा नये, आलं तर मी नालायक.’ पहिल्या वाक्याने माणूस दक्ष राहतो. दुसऱ्याने तो रात्री साडेआठपर्यंत गेज हातात धरून उभा राहतो. हा फरक त्याला कुणी समजावून सांगितला तर तो मान डोलावेल. स्वतःच्या डायरीतून, स्वतःच्या अक्षरात दिसला तर त्याला तो खोडून काढता येत नाही.

एवढं उमगलं म्हणजे झालं, असं समजणाऱ्या कोचिंगचा मात्र मला भरवसा वाटत नाही. उमगण्याचा आनंद मोठा असतो आणि तो माणसाला फसवतो. स्वप्नांचंही तसंच. आपलं यशस्वी रूप डोळ्यांसमोर आणा, भिंतीवर चित्रं चिकटवा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. गॅब्रिएल ओटिंगेन यांनी थॉमस वॅडन यांच्यासोबत १९९१ मध्ये वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या पंचवीस स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला जमेल असा विश्वास ज्यांना होता, त्यांचं वजन जास्त उतरलं. पण आपण बारीक झाल्याची गोड स्वप्नं ज्या सर्वाधिक रंगवत होत्या, त्यांचं वजन वर्षभरात इतरांपेक्षा सरासरी २४ पौंडांनी कमी घटलं. स्वप्नरंजनात मनाला यशाची चव आगाऊ मिळते आणि अंगातला जोर उतरतो, असं ओटिंगेन यांचं म्हणणं. त्यांचा उपाय असा, की स्वप्न जरूर बघा, पण लगेच आपल्या आतला अडथळा शोधून तो त्याच्यासमोर उभा करा.

त्या अडथळ्यावरची योजना त्यांचे पती पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून मिळते. एका अभ्यासात विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की ख्रिसमसची पूर्वसंध्या कशी गेली त्याचा वृत्तांत अठ्ठेचाळीस तासांत लिहून पाठवा. अर्ध्यांना आधीच ठरवायला लावलं, नेमका कधी आणि कुठे बसून लिहिणार. सणाच्या गडबडीत त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी वृत्तांत पाठवला, ज्यांनी असं ठरवलं नव्हतं त्यांच्यापैकी फक्त एक तृतीयांश जणांनी. ‘मी करीन’ आणि ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ यांत एवढी तफावत पडते, कारण दुसऱ्या वाक्यात आठवण करून देण्याचं काम परिस्थितीवर सोपवलेलं असतं. मॅनेजरची योजना मग अशी होते: हँडओव्हरच्या रजिस्टरवर सही झाली की गेज क्वालिटीच्या मुलाच्या हातात द्यायचं आणि केबिनमध्ये येऊन उद्याचा प्लॅन लिहायला घ्यायचा. लाइनवरून हाक आली तर आधी विचारायचं, “तुला काय करावंसं वाटतं?”

महिनाअखेरीस डिस्पॅचची झुंबड उडते आणि तो तीन दिवस पुन्हा गेज घेऊन उभा राहतो. अशा घसरणीला बहुतेक माणसं ‘माझ्याकडून व्हायचं नाही’ असं नाव देतात आणि सगळंच सोडून देतात. एकवीस दिवसांत सवय लागते या समजुतीनेही मोठं नुकसान केलं आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जननी १९६० मध्ये, लोकांना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एवढे दिवस लागतात असं निरीक्षण नोंदवलं होतं. पुढे त्यातला ‘किमान’ गळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस निघाला आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो. एखादा दिवस चुकला तर सवय घडण्यात फारसा फरक पडत नाही. कोचने हे घसरण्याच्या आधी सांगून ठेवलेलं असलं, तर महिनाअखेरीचे तीन दिवस हे अपयश ठरत नाहीत, पुढच्या महिनाअखेरीसाठीची माहिती ठरतात.

हे सगळं टिकतं का? या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर शोधण्यात सिडनी विद्यापीठाच्या अँथनी ग्रँट यांचा वाटा मोठा. २००० साली त्यांनी तिथे कोचिंगच्या मानसशास्त्राला वाहिलेला जगातला पहिला विभाग सुरू केला. २००३ च्या त्यांच्या अभ्यासात फक्त वीस जण होते, पण त्यातली एक नोंद विलक्षण आहे. कोचिंगनंतर लोकांचं आत्मपरीक्षण कमी झालं आणि आत्मभान वाढलं. म्हणजे स्वतःविषयी तेच तेच दळत बसणं घटलं आणि स्वतःला ओळखणं वाढलं. २००६ मध्ये सूझी ग्रीन, लिंडसे ओड्स आणि ग्रँट यांनी ५६ जणांचे दोन गट करून दहा आठवड्यांचा कार्यक्रम तपासला, तेव्हा काही बाबतींतली सुधारणा तीस आठवड्यांपर्यंत टिकलेली दिसली. त्यापुढच्या वर्षांचा हिशेब मांडणारे अभ्यास थोडे आहेत, म्हणून ‘आयुष्य बदलून देतो’ ही जाहिरात वाचताना सावध राहावं.

आणखी एका कारणासाठी सावध राहायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या अशा अभ्यासांमध्ये असं दिसलं, की कोचिंगसाठी येणाऱ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा ते निम्मे लोक चिंता, नैराश्य किंवा ताणाच्या अशा पातळीवर असतात की त्यांना उपचारांची गरज असू शकते. झोप उडालेला, जेवण सुटलेला, जगण्यात राम वाटेनासा झालेला माणूस ध्येयांचा तक्ता घेऊन कोचसमोर बसला, तर तो तक्ता त्याला आणखी खचवेल. आपल्या देशात कोच म्हणून पाटी लावायला कायद्याने कसलाही परवाना लागत नाही. आंतरराष्ट्रीय संघटनांची प्रमाणपत्रं असतात, त्यांचे दर्जे असतात, पण ती सक्तीची नाहीत. त्यामुळे पहिल्या भेटीतच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. मला मानसोपचाराची गरज आहे हे तुम्ही कशावरून ओळखाल आणि तेव्हा कुणाकडे पाठवाल? मी सांगितलेलं कंपनीला किंवा घरच्यांना किती कळेल? आणि आपल्या भेटी कधी थांबतील, ते कोण ठरवेल? तिसऱ्या प्रश्नावर जो कोच अंदाजे आकडा सांगतो आणि पुढे ‘शेवटच्या दोन भेटींत मी कमी बोलेन, आढावा तुम्हीच घ्यायचा’ असंही सांगतो, त्याच्याकडे फी भरायला हरकत नाही.